निवृत्त न्यायाधीशाला अर्धवेळ काम: कोणती खुर्ची खरी, कोणती नावापुरती

प्रश्न असा आला आहे: "मी दिवाणी न्यायाधीश, वरिष्ठ स्तर. आठ महिन्यांनी साठ पूर्ण होतील. घरी सासूबाई अंथरुणाला आहेत, त्यामुळे पूर्णवेळ काहीच नको. पण आठवड्यातले दोन-तीन दिवस कोर्टाचं काम करायला आवडेल. माझा भाऊ कॅलिफोर्नियात असतो. तो म्हणतो, तिथे निवृत्त जज सर्रास पुन्हा कोर्टात बसतात. आपल्याकडे असं काही आहे का? असेल तर अर्ज कुठे करायचा?"

मॅडम, भावाचं म्हणणं खरं आहे. कॅलिफोर्नियाच्या राज्यघटनेतच तशी तरतूद आहे: निवृत्त न्यायाधीशाची संमती असेल तर तिथले मुख्य न्यायमूर्ती त्याला पुन्हा न्यायालयात बसवू शकतात. अमेरिकेच्या केंद्रीय न्यायालयांत तर 1919 पासून 'सीनियर' न्यायाधीश ही सोय आहे. वय किमान 65 आणि वय अधिक सेवा मिळून 80 वर्षं भरली की न्यायाधीश कमी कामावर राहू शकतो. खुर्ची सुटत नाही, फक्त बोर्ड, म्हणजे रोजच्या प्रकरणांची यादी, हलका होतो.

आपल्याकडे जिल्हा न्यायपालिकेत 'अर्धवेळ न्यायाधीश' असं पद नाही. साठाव्या वर्षाच्या त्या महिनाअखेरीला सत्कार होतो, शाल-श्रीफळ मिळतं आणि दुसऱ्या दिवशी तुमच्या लॉगिनने केस उघडत नाही. त्यानंतर जे मिळतं ते पद नसतं, ठरावीक काम असतं, तेही ठरावीक मुदतीचं. म्हणून 'अर्ज कुठे करू' याच्या आधी 'कुठलं काम करू' हे ठरवा. मी निवृत्त होऊन आता सात वर्षं झाली. यातली बरीचशी कामं केली, काही अर्धवट सोडली. त्या अनुभवावरून लिहितो.

आधी राज्यघटनेचं, कारण चर्चा नेहमी तिथूनच सुरू होते आणि तुमच्या उपयोगाची नसते. सर्वोच्च न्यायालयासाठी अनुच्छेद 128 आणि उच्च न्यायालयासाठी 224-अ. निवृत्त न्यायमूर्तींना पुन्हा बसण्याची विनंती करता येते, मात्र राष्ट्रपतींची पूर्वसंमती लागते आणि त्या व्यक्तीचीही संमती लागते. 1950 च्या मूळ घटनेत उच्च न्यायालयांसाठी अशी तरतूद होतीच. 1956 च्या सातव्या दुरुस्तीने ती काढली आणि 1963 च्या पंधराव्या दुरुस्तीने 224-अ म्हणून परत आणली. परत आणून काय केलं? 2021 सालापर्यंत नाव घेण्यासारख्या तीन नेमणुका: मध्य प्रदेशात 1972, मद्रासला 1982, आणि 2007 मध्ये अलाहाबादला अयोध्येच्या दाव्यासाठी. कलम झोपलेलं होतं म्हणा ना. 20 एप्रिल 2021 रोजी सरन्यायाधीश शरद बोबडे, म्हणजे आपले नागपूरचेच, यांच्या पीठाने 'लोकप्रहरी' प्रकरणात त्याला मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली. दोन ते तीन वर्षांची मुदत, जुन्या प्रकरणांवर भर, आणि पगार कायम न्यायमूर्तीइतका, पण पेन्शन वजा करून. शिवाय त्या काळात सल्ला, लवादगिरी, वकिली, काहीच करायचं नाही. जानेवारी 2025 मध्ये न्यायालयाने, वीस टक्क्यांहून जास्त पदं रिक्त असतील तरच अशी नेमणूक, ही 2021 ची अट बाजूला ठेवली आणि तुंबलेल्या फौजदारी अपिलांसाठी प्रत्येक उच्च न्यायालयात दोन ते पाच अशा नेमणुका करायला वाट दिली, एकूण मंजूर पदांच्या दहा टक्क्यांच्या आत. हे सगळं उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींचं. आपण खालच्या जिन्यावरची माणसं.

तरी त्यातली एक अट मनात ठेवा: बसायचं असेल तर दुसरा धंदा नाही. तिच्याकडे पुढे येतो.

आपल्या जिन्यावर निवृत्तांना मोठ्या प्रमाणात बोलावलं गेलं ते जलदगती न्यायालयांच्या वेळी. अकराव्या वित्त आयोगाच्या पैशातून देशभर 1734 न्यायालयं ठरली. 2002 च्या 'ब्रिजमोहन लाल' निकालात नेमणुकीचा क्रम लावून दिला: आधी सेवेतल्या पात्र अधिकाऱ्यांना तदर्थ बढती, मग चांगल्या सेवेचे निवृत्त न्यायाधीश, मग वकील. 2011 मध्ये केंद्राचा निधी थांबला. पण निवृत्तांसाठी 'चांगली सेवा' म्हणजे काय, याचं माप तेव्हाच पडलं. गोपनीय अहवालात प्रतिकूल शेरा नको आणि सचोटीबद्दल कुजबूजही नको. आजही निवृत्त माणूस खुर्चीवर बसवताना हीच दोन पानं आधी उलटली जातात. तुमचे शेवटच्या पाच वर्षांचे अहवाल पाहिले नसतील तर सेवेत आहात तोवर पाहून घ्या. नंतर ती फाइल मागायला गेलात की चहा मिळतो, फाइल मिळत नाही.

आता महाराष्ट्रातलं अलीकडचं उदाहरण, कारण त्यात मी स्वतः वर्षभर बसलो. धनादेश अनादराच्या, कलम 138 च्या प्रकरणांचा ढीग सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून हातात घेतला होता. एप्रिल 2022 मध्ये देशात 33 लाखांहून अधिक प्रकरणं पडून होती. मे 2022 मध्ये आदेश झाला: महाराष्ट्र, दिल्ली, गुजरात, उत्तर प्रदेश आणि राजस्थान या पाच राज्यांत, जास्तीत जास्त प्रकरणं असलेल्या पाच-पाच जिल्ह्यांत, प्रत्येकी एक प्रायोगिक न्यायालय. त्यावर निवृत्त न्यायाधीश. सुरुवात 1 सप्टेंबर 2022.

मला मिळालेली खोली पूर्वीची रेकॉर्ड रूम होती. भिंतीवर रॅकच्या खुणा तशाच. कर्मचारीही निवृत्तच. शिरस्तेदारांचा चष्मा आणि माझा चष्मा एकाच नंबरचा निघाला, त्यामुळे एकाचा घरी राहिला तरी कोर्ट चालायचं. पण काम मात्र झालं, आणि का झालं ते सांगतो. प्रथमवर्ग दंडाधिकाऱ्याच्या कोर्टात 138 चा पुरावा सुरू झाला की मध्येच रिमांड येतो, जामीन येतो, कुणाचा तरी जबाब नोंदवायचा असतो. फिर्यादीची उलटतपासणी अर्ध्यावर थांबते आणि उरलेली तीन महिन्यांनी होते. माझ्या बोर्डावर 138 शिवाय काहीच नव्हतं. अकराला उलटतपास सुरू झाला की दीडपर्यंत संपायचा, कारण मला उठवायला कुणी येत नव्हतं. निकाली कामाची युनिटं मोजायची नव्हती, बढती नव्हती, बदली नव्हती. तुम्ही हसाल, पण सेवेतल्या तीस वर्षांत असं सुख मला एकदाही मिळालं नव्हतं.

अडलं ते दुसरीकडेच. वॉरंट निघायचं आणि परत यायचं: 'इसम मिळून आला नाही.' सेवेतला दंडाधिकारी त्या पोलीस ठाण्याच्या साहेबांना रिमांडला रोज पाहतो, दोन शब्द बोलतो, वॉरंट बजावलं जातं. निवृत्ताला ते ठाणं ओळखतही नाही. वकीलमंडळी आदर दाखवायची, पण सुरुवातीच्या दिवसांत एका तरुण वकिलाने तारीख मागताना सहज म्हटलं, "सर, तुमचं कोर्ट वर्षभरच आहे ना?" म्हणजे लांबवली तर आपोआप सुटेल. त्याचा हिशेब चुकीचा नव्हता.

निवृत्त झालात की हातातली काठी जाते आणि हातात वेळ येतो. ज्या कामाला काठी लागते तिथे तुम्ही अपुऱ्या पडता. ज्याला वेळ लागतो तिथे सेवेतला न्यायाधीश अपुरा पडतो. पुढच्या सगळ्या वाटा याच फूटपट्टीने मोजा.

लोकअदालत. तुम्ही म्हणाल, त्यात नवीन काय, सेवेत असताना पॅनेल प्रमुख म्हणून बसलेच आहे. बसलात, पण तेव्हा समोरच्यांना ठाऊक होतं की तडजोड नाही झाली तर याच मॅडम किंवा यांच्या शेजारच्या हॉलमधले साहेब निकाल देणार. आता तो धाक नाही. विधी सेवा प्राधिकरण कायदा, 1987 च्या कलम 19 मध्ये सेवेतले आणि निवृत्त, दोघेही पॅनेलवर बसू शकतात. तडजोड झाली तर निवाड्याला हुकूमनाम्याचं बळ, अपील नाही, कोर्ट फी परत. पण तडजोड नाही झाली तर? काही नाही. 'जालौर सिंग' निकालात 2008 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट बजावलं आहे की लोकअदालतीला निवाडा करण्याचा अधिकार नाही, तडजोड नोंदवण्याचाच आहे. कागदावर हे सगळ्यांना पाठ असतं. अंगवळणी पडायला मला वर्ष गेलं.

माझी निवृत्तीनंतरची दुसरी की तिसरी लोकअदालत. तालुक्याचं कोर्ट, आवारात मांडव, दाराशी बँकांची टेबलं. पॅनेलवर मी, एक वकीलबाई आणि समाजसेवक सदस्य म्हणून एक निवृत्त गुरुजी. सामाईक विहिरीचा दावा समोर आला. दोन चुलत भाऊ, नऊ वर्षं जुना मनाईचा दावा. मी सवयीने दावा आणि कैफियत वाचली, सात-बारावरची विहिरीची नोंद पाहिली आणि म्हणालो, "हिस्सा निम्मा-निम्मा आहे. नोंद स्पष्ट आहे. मग भांडण कशाचं?" दोघं गप्प. वकीलही गप्प. मला वाटलं, पटलं. गुरुजी माझ्या कानाशी आले: "साहेब, मोटर कुणी भरली ते विचारा."

विचारलं. आणि नऊ वर्षांचं सगळं बाहेर आलं. दावा लागला त्या उन्हाळ्यात मोटर जळाली होती. थोरल्याने भरून आणली, म्हणजे आतली जळालेली तार नव्याने गुंडाळून घेतली, 3,800 रुपये दिले. धाकटा म्हणाला, तुझ्या पाळीत जळाली, मी का देऊ? त्याच्या पुढचं खरं दुखणं आणखी वेगळं. शेतीची लाइट एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री. पाळी वारांवर ठरलेली, आणि त्यातही आपल्याच वाट्याला रात्रपाळी जास्त येते, असं धाकट्याचं म्हणणं. रात्री दोनला दारं धरायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला जायचं, त्यात एकदा त्याच्या मुलाला साप दिसला होता. म्हणजे मी कोर्टात असतो तर 'वादी व प्रतिवादी यांचा प्रत्येकी निम्मा हिस्सा' असा सुरेख हुकूमनामा लिहिला असता आणि तो त्या विहिरीवर एक दिवसही चालला नसता. शेवटी पाळी वारावर नाही, लाइटवर ठरली: पंधरवड्यात दिवसाची लाइट दोघांना सारखी. मोटर भरण्याचा खर्च यापुढे निम्मा. 3,800 चं काय, विचारलं तर थोरला म्हणाला, "राहू द्या ते."

कागदावर मी सवयीने वर 'आदेश' लिहिलं. लिपिकाने काही न बोलता ते खोडून 'तडजोडीच्या अटी' लिहिलं.

त्या प्रकरणाला एक तास दहा मिनिटं लागली. शेजारच्या पॅनेलवर सेवेतल्या न्यायाधीशाने तेवढ्या वेळात चाळीस वाहतूक चलनं निकाली काढली. आकड्यांचा तक्ता भरताना माझ्या पॅनेलसमोर 'एक' आला आणि संध्याकाळी चहाला त्याची थट्टाही झाली. व्हायचीच. राष्ट्रीय लोकअदालत आकड्यांवर चालते. पण प्राधिकरणाच्या सचिवांशी आधीच बोलून तुम्ही बँकेची वादपूर्व, म्हणजे दावा लावण्याआधीची, प्रकरणं आणि चलनं इतरांकडे द्या म्हणू शकता आणि वाटपाचे, बांधाचे, विहिरीचे, पोटगीचे दावे मागून घेऊ शकता. कुणी सहसा नाही म्हणत नाही, कारण ती प्रकरणं कुणालाच नको असतात. पॅनेल सदस्य कलम 23 प्रमाणे लोकसेवक धरला जातो, तेव्हा संरक्षणाची काळजी नको. मानधन बैठकीवर मिळतं, महिन्यावर नाही. त्यावर घर चालवायचा विचार असेल तर हे पान इथेच मिटा.

दोन-तीन दिवसांचं नियमित काम हवं असेल तर मात्र मध्यस्थी. लोकअदालत वर्षातून मोजके शनिवार असते. मध्यस्थी केंद्रात वार ठरवून घेता येतो, आणि सासूबाईंचं पाहून हे तुम्हाला सोयीचं पडेल. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 89 खाली पाठवलेली प्रकरणं इथे येतात. त्यासाठी चाळीस तासांचं प्रशिक्षण लागतं. 'मी पस्तीस वर्षं कोर्टात होते, मला कसलं प्रशिक्षण' असं वाटेल. मलाही वाटलं. पहिल्याच दिवशी सरावाच्या प्रकरणात मी वादीला म्हणालो, "तुमची केस कमकुवत आहे." प्रशिक्षकबाईंनी थांबवलं आणि विचारलं, "हे तुम्हाला कुणी विचारलं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. न्यायाधीशाला केसची किंमत दिसते, ती लपवता येत नाही. मध्यस्थाला ती दिसून चालतं, बोलून चालत नाही. शिवाय केंद्राने कोर्टाला फक्त एवढंच कळवायचं की तडजोड झाली, किंवा झाली नाही. कोण अडून बसलं, कुणी काय देऊ केलं, हे अहवालात लिहू नये असं सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये 'मोतीराम' प्रकरणात सांगितलं आहे. रोजनामा लिहायची सवय असलेल्या हाताला हे फार जड जातं. आजही माझं पेन दोन ओळी जास्त लिहायला जातं.

कोर्ट कमिशनर हा मधला मार्ग. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 18, नियम 4 प्रमाणे उलटतपास कमिशनरसमोर नोंदवता येतो. दावा मोठा असेल, साक्षीदार म्हातारा असेल, तर न्यायालयं निवृत्त न्यायाधीशाचं नाव आवर्जून पुढे करतात. फी न्यायालय ठरवतं, पक्षकार भरतात, आणि दिवस तुमच्या सोयीने. साक्षीदार बोलताना कसा वागला याची नोंद तुम्ही करू शकता. पण वकिलाने हरकत घेतली तर ती लिहून ठेवायची. निर्णय कोर्ट युक्तिवादाच्या वेळी करणार. अवांतर प्रश्न तुमच्या डोळ्यांसमोर वाहून जातो आणि तुम्ही फक्त टिपत बसता. इथेही काठी नाहीच. अहवाल द्यायची मुदत साठ दिवस, ती पाळा. ज्यांच्या कोर्टात तुम्ही कमिशनर आहात ते न्यायाधीश एके काळी तुमचे कनिष्ठ असतील, आणि त्यांना मुदतवाढीचा अर्ज देताना दोघांनाही अवघड होतं.

बाकीचं थोडक्यात. सार्वजनिक उपयोगिता सेवांची स्थायी लोकअदालत, जी वीज, विमा, वाहतूक, रुग्णालय वगैरे तक्रारींत तडजोड न झाल्यास एक कोटी रुपयांपर्यंतच्या प्रकरणात निकालही देऊ शकते, तिचं अध्यक्षपद तुम्हाला मिळणार नाही. कायद्याला तिथे जिल्हा न्यायाधीश किंवा अतिरिक्त जिल्हा न्यायाधीश राहिलेला माणूस हवा. वरिष्ठ स्तर त्यात बसत नाही. ग्राहक आयोग पूर्णवेळ आहे, तुमच्या अटीत बसत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 11 खालचा विशेष न्यायदंडाधिकारी ही जागा निवृत्तांना खुली आहे, एका वेळी जास्तीत जास्त वर्षभरासाठी. पण शासनाने विनंती केल्यावरच उच्च न्यायालय ते अधिकार देतं, म्हणून तिच्यावर बेत आखू नका. उच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर जाहिराती येतात तेवढ्या बघत राहा.

आता ती 'दुसरा धंदा नाही'ची अट. अनेक सहकारी निवृत्तीनंतर सनद पुन्हा सुरू करतात. बार कौन्सिलच्या नियमाप्रमाणे निवृत्तीपूर्वी तीन वर्षं जिथे तुमचं अधिकारक्षेत्र होतं तिथे पुढची दोन वर्षं वकिली करता येत नाही, त्यानंतर मोकळीक. पण ज्या इमारतीत मंगळवारी वकीलपत्र दाखल करता तिथे शनिवारी पॅनेलवर बसू नका. कायद्यात अडचण कदाचित निघणारही नाही, पण समोरचा शेतकरी कायदा वाचून आलेला नसतो. त्याने तुम्हाला मंगळवारी काळ्या कोटात कुणाच्या तरी बाजूने उभं पाहिलेलं असतं. उच्च न्यायालयाच्या निवृत्तांना ही अट घातली ती शहाणपणाची आहे, आपण ती स्वतःवर घालून घ्यावी असं माझं मत. लवादाचं कामही घेतलंत तर ज्या बँकेची, ज्या बिल्डरची लवादी केलीत त्यांची प्रकरणं पॅनेलवर घेऊ नका. तुमच्याच कोर्टात चाललेलं जुनं प्रकरण समोर आलं तर आधी दोघांना ते सांगा आणि दुसऱ्या पॅनेलकडे पाठवा. पक्षकार म्हणतील, "मॅडम, तुम्हीच बघा, तुम्हाला सगळं ठाऊक आहे." हे म्हणणारा बहुतेक वेळा तो असतो ज्याच्या बाजूने तुम्ही अंतरिम आदेश दिला होता.

निवृत्तांना सरकारी खुर्च्या द्याव्यात की नाही हा वाद जुना आहे. मोतीलाल सेटलवाड यांच्या अध्यक्षतेखालच्या विधी आयोगाने 1958 मध्येच सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनी निवृत्तीनंतर सरकारी नोकरी घेऊ नये म्हटलं होतं. न्यायालयातच पुन्हा तदर्थ बसणं मात्र त्यातून वगळलं होतं. फरक मला पटतो. नेमणूक सरकारच्या मर्जीची असेल तर सेवेतल्या शेवटच्या वर्षाचे निकाल लोक त्या उजेडात वाचतात. विहिरीच्या तडजोडीसाठी कुणी तुमच्यावर असा संशय घेणार नाही.

अर्जाचं सांगतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांच्या नावे साधं पत्र, एक पान पुरे. अध्यक्ष प्रमुख जिल्हा न्यायाधीश असतात, यादी त्यांच्याकडूनच पुढे जाते. निवृत्तीची तारीख, शेवटचं पद, कोणत्या तालुक्यात बसायची तयारी आहे, कोणते वार मोकळे, मध्यस्थीचं प्रशिक्षण झालं असेल तर त्याचा दाखला. नोकरीतल्या शेवटच्या महिन्यात देऊ नका, तेव्हा ते पत्र सत्काराच्या फायलीत हरवतं. निवृत्तीनंतर पंधरा दिवसांनी स्वतः जाऊन द्या आणि पोच घ्या. पदनामापुढे 'निवृत्त' लिहायला विसरू नका. मी पहिल्या अर्जात विसरलो होतो, आणि तो बदलीचा विनंती अर्ज समजून दुसऱ्याच टेबलावर दोन महिने पडून होता.